बंद

प्रॉसर सरांनी फळ्यावर लिहिलं:
द वर्क्स वॉज क्लोज्ड.
"विशेषण, की कर्मणी?"
बाहेर वेल्सचा डोंगर, भिजलेल्या मेंढ्या,
धूर विसरलेली चिमणी.

"आधी 'व्हेरी' लावून बघा.
नाहीच शोभलं,
तर विचारा: कुणी?"

मागच्या बाकावर केरिस
पेन्सिल चावत बसलेली.
"रविवारी विशेषण, सर.
फाटकाला कुलूप, डॅडी घरात,
ओव्हनमध्ये मटण.
पण त्या मार्चमध्ये क्रियापद."

"मग कर्ता कुठंय?"

"वाक्यात नाही, सर.
पत्रातही नव्हता.
खाली सही होती,
डॅडींनी ती दिव्याखाली धरून पाहिली,
कुणालाच लागली नाही."

सरांनी खडू ठेवला.
त्यांचा धाकटा भाऊ तिथंच, भट्टीवर होता.

त्या दिवशी
फळा पुसला गेला नाही.