शॉक्ड अँड सरप्राइज्ड

गेली बावीस वर्षं खानापूरच्या कोर्टासमोर बसून
मी लोकांना इंग्रजीत धक्का बसवून देतो.
पानाला तीस रुपये. झेरॉक्स वेगळी.

वाक्य ठरलेलं, वकील बदलले तरी तेच:
माझे अशील हे कळून
शॉक्ड अँड सरप्राइज्ड झाले.
दोन्ही शब्द जोडीनंच येतात,
एकाच एस.टी.तून उतरणाऱ्या
पण एकमेकींशी न बोलणाऱ्या जावांसारखे.
बांध सरकला, चेक परत आला,
भाडेकरूनं रातोरात भिंत घातली,
सगळे शॉक्ड. सगळे सरप्राइज्ड.
बोटांना आता कीबोर्डकडं बघावं लागत नाही.

मंगळवारी गर्लगुंजीची द्रौपदा गावडे आली.
वडलांच्या उताऱ्यावरून तिचं नाव गेलेलं,
तिघा भावांची राहिलेली.
हुक्केरी वकिलांनी सांगितलं, मी बडवलं,
पद्धत म्हणून मराठीत वाचून दाखवलं.
ती म्हणाली, थांब रे. आश्चर्य कुणाला?
मी कुठं दचकलो?

आमच्याकडं बायकाही गेलो, आलो, दचकलो म्हणतात.
इंग्रजीला त्यातलं काहीच कळत नाही, तेवढंच एक बरं.

"धाकट्यानं औंदा भाऊबीजेला
साडी जरा भारीतली आणली की.
तवाच समजलं मला."

मग काय लिहू?

"चर्र झालं, असं लिही."

वकील कन्नडात हसले. बेच्चिबिद्दळु म्हणा, झालं.
कन्नडात दचकलेला माणूस पडतो,
क्रियापदातच पडतो.
"पडलोबी नाही," ती म्हणाली,
"भाकरी थापत होतो. एकबी करपली नाही."

जेवणाच्या सुट्टीत डिक्शनरी काढली.
शॉक, क्रियापद, सकर्मक.
म्हणजे कुणीतरी देतो आणि कुणाला तरी बसतो.
मराठीत दचकायला दुसरं कुणी लागत नाही,
आपला आपण दचकतो माणूस
आणि ज्यानं केलं तो
वाक्याच्या बाहेर हात पुसत उभा.
इंग्रजीत तो शेवटी का होईना येतोच:
बाय हर ब्रदर्स.
पहिल्यांदाच मला ती भाषा
कोर्टात बसायच्या लायकीची वाटली.

पण चर्र तिच्यात बसेना.
चर्र म्हणजे तापल्या तव्यावर पाण्याचा हात.
त्याला कर्ता नाही.
ठाऊक असलेलंच कागदावर दिसतं
तेव्हाचा तो आवाज.

मी सरप्राइज्ड खोडलं.
वकिलांनी चष्म्यावरून पाहिलं.
बाई, तुम्हाला आधीच ठाऊक होतं म्हटलं
तर मुदत त्या दिवसापासून मोजतील.
केस जाईल.
ती जरा वेळ गप्प.
लाल धुळीची एक कौलांची ट्रॉली गेली,
आम्ही तिघांनी ती जाईपर्यंत बघितली.

"असू दे मग," ती म्हणाली,
"घाल आश्चर्य."

मोठा द्रौ काढून सही केली तिनं.
रेघ पुरली नाही, पदा खाली उतरलं.
कनवटीचे तीस रुपये दिले, दोनदा मोजून.

नऊ दिवसांनी तिचा धाकटा भाऊ
तोच कागद घेऊन माझ्यापुढं बसला.
काय लिहिलंय वाचा की जरा.
मी वाचलं. धक्का बसला. आश्चर्य वाटलं.
त्यानं रुमालानं मान पुसली,
"म्हणजे तिला काहीच ठाऊक नव्हतं?"
आणि त्याचा चेहरा मोकळा झाला,
ताप उतरलेल्या पोरासारखा.

मी कागदाची घडी
होती तशीच पुन्हा घातली.

उत्तर द्यायचंय, म्हणाला.
वकील कोण, मी विचारलं,
आणि ते यायच्या आधीच
पहिली ओळ टाईप करून ठेवली:
आपली नोटीस मिळून माझे अशील