बोलावणं

कालच्या टपालात तीन पाकिटं:
विजेचं बिल, बुटांच्या सेलची जाहिरात
आणि लष्कराचं बोलावणं.

श्री. आतोस केम्पाइनेन, वय अठरा पूर्ण.
सप्टेंबरच्या बारा तारखेला सकाळी नऊला
कायानीच्या सभागृहात हजर व्हावे.
ओळखपत्र आणावे. चष्मा असल्यास चष्मा.

तुइरे रात्रपाळीहून आलेली, अंगात कोट तसाच.
आधी तिला हसूच आलं.
त्याला आजवर कुणी 'श्री.' म्हटलं नव्हतं.

तो खिडकीशी, चाकाच्या खुर्चीत.
हनुवटीखाली रुमाल,
बाहेर बर्चची पानं हलतात तशी मान.
बाप लाकडाचा ट्रक घेऊन पहाटेच गेलेला.
तिने लापशी गरम केली.
चमचा खालच्या ओठाला टेकवायचा, थांबायचं,
गिळलं की नाही ते
गळ्याला बोट लावून बघायचं.

वॉर्डात बोलावणं येतं ते वेगळं.
तिथे तिला सगळं जमतं:
खिडकी किलकिली करणं,
विजेवरची मेणबत्ती लावणं
(खरी चालत नाही, भिंतीत ऑक्सिजन असतो),
चादरीची घडी सारखी करणं.
या हिवाळ्यात चौदा जण गेले.
लेकीसुना रडल्या, कॉफी प्यायल्या,
कागदांवर सह्या करून
आपापलं दुःख घेऊन घरी गेल्या.

मेल्याचं सुतक असतं, ते फिटतं.
हे कशात बसवायचं?
इथे कुणी गेलेलं नाही.
जो यायचा होता तो आला नाही, इतकंच,
आणि जो आला
त्याच्यावर जीव जडून बसलाय.

तो न आलेला मात्र अधूनमधून दार वाजवतो.
सात वर्षांचा असताना दप्तर घेऊन आला होता.
मग बरीच वर्षं नाही.
पंधराव्या वर्षी अंगणात मोपेड फुरफुरवली,
तुइरे तेव्हा कपडे वाळत घालत होती,
चिमटे तोंडातच राहिले.
आज डोकं भादरून आलाय,
खांद्यावर पिशवी.
म्हणतो, निघतो गं.

जा बाबा, म्हणाली ती. मोठ्यांदा.
आतोसने मान वळवली.

कागदावर एक चौकट आहे: न येण्याचे कारण.
तिला ते सगळं लॅटिनमध्येसुद्धा लिहिता येतं.
वॉर्डात दुसऱ्यांच्या मुलांसाठी
किती सरळ अक्षरात लिहिते ती.
इथे पेन दोनदा झटकलं,
शाई होती तरी.

डॉक्टरांचा दाखला जोडला.
पाकीट बंद करण्याआधी वाटलं,
ज्याचं पत्र त्याला दाखवावं तरी.
त्याने ते मुठीत धरलं, सावकाश तोंडाकडे नेलं,
कोपरा चोखला,
आणि हसला,
गाडी बर्फावरून घसरली की हसतो तसा.

ओला कोपरा रेडिएटरवर वाळत ठेवून
ती तिथेच जमिनीवर बसली,
त्याच्या पावलांना टेकून.
कोट काढायचा राहिला होता अजून.