मीठ दिसू नये

हार्लन व्हॅनडरविन नमुन्यांची पेटी घेऊन आला
एप्रिलमधल्या एका शनिवारी,
बुटांना चिखल, म्हणून दारातच उभा.
पेटीत तळहाताएवढ्या चौदा चकत्या,
प्रत्येकीवर एपॉक्सीचा थर, थरावर भुरभुरलेले कण,
रेवडीवरच्या तिळांसारखे दाट.

अच्युत म्हणाला, राखाडी.
तेवीस वर्षं कॅलमझूत काढल्यावर माणूस आणखी काय म्हणणार?
नोव्हेंबर ते मार्च गाडीखालून ठिबकतं ते रस्त्यावरचं मीठ,
वाळलं की पांढरे नकाशे.
"मीठ दिसू नये," एवढीच त्याची अट.

मला मात्र दिसायला हवं होतं.
पडलेला स्क्रू. कानातल्याची फिरकी.
गेल्या हिवाळ्यात चष्म्याचा इवलासा खिळा
गुडघ्यांवर बसून शोधला होता मी, टॉर्च आडवा धरून,
आणि तो निघाला माझ्याच स्वेटरच्या बाहीत.
म्हणून मी फिकट मागत होते. दुधी. फार तर बदामी.

हार्लन हसला नाही. हे भांडण त्याने
शंभर गॅरेजांत ऐकलं असणार.
म्हणाला, आधी ठरवा, काय लपवायचंय
आणि काय सापडायला हवंय.
रंग मग आपोआप ठरतो.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं.

चकत्यांना नावं होती, अमुक धुकं, तमुक खोगीर.
मी माझी ठेवली, मनातल्या मनात:
हा पारवा. हा आमसुली.
हा भिजत घातलेल्या मटकीचा.
हा पाटी ओल्या फडक्याने पुसल्यावर उरतो तो.
आणि नववा उचलला, तर
थेट साखरवाडीच्या क्वार्टर्समधली मोझॅकची फरशी,
पांढऱ्यात काळे-तांबडे तुकडे,
सुट्टीच्या दुपारी पालथी पडून
मी जिच्यात बदकं शोधायचे.

अच्युतला दाखवला. "यात मीठ दिसणार नाही," तो खूश.
"स्क्रूही दिसणार नाही," हार्लन म्हणाला,
"आधीच सांगून ठेवतो."

मग सामान बाहेर.
तीन-चार दिवस ड्राइव्हवेवर आमचा उघडा संसार:
बर्फ ढकलायचं यंत्र, कॅरम,
तीन सायकली (चालवणारं कुणी नाही),
आणि बबल रॅपमधला वरवंटा,
ज्याचा पाटा वजन जास्त झालं म्हणून विमानतळावरच राहिला.
समोरची मिसेस ओटिस कुत्र्याला फिरवताना
वरवंट्यापाशी जरा थांबली.
काही विचारलं नाही.

ग्राइंडरने जमीन खरवडली. तेलाचा डाग
निघाला, रात्रीतून वर आला, पुन्हा निघाला.
हार्लनने प्लॅस्टिकचा चौकोन चारी कडांनी चिकटवला,
सकाळी खाली दव धरलंय का बघायला.
नव्हतं. काँक्रीटला घाम येतो, तो म्हणाला,
वरून कोरडं वाटतं तेव्हासुद्धा.

मग विचारलं, मधला चर भरू का?
मधोमध सरळ रेघ, जमीन ओतली तेव्हाच
करवतीने मुद्दाम कापलेली:
फुटायचंच असेल तर इथे फूट, म्हणून.
वाकून पाहिलं. तळाशी खरंच तडा होता,
सांगितल्यासारखा, कुठेही न वळलेला.
भरला तर सपाट दिसेल, हार्लन म्हणाला,
पण थंडीत जमीन हलते.
"राहू दे," आम्ही एकदम म्हणालो.
चौदा चकत्यांत एवढं एकमत झालं नव्हतं.

आता नववा रंग आहे.
चोवीस तास पाऊल नाही, तीन दिवस गाडी नाही.
अच्युत रोज संध्याकाळी दार अर्धं वर करून वाकतो,
दूध वर आलं का बघावं तसा.
मी आतल्या पायरीवर, चहा घेऊन.
काल दिव्याच्या उजेडात मला एक बदक सापडलं,
चराच्या पलीकडे, त्याची गाडी असते त्या बाजूला.
त्याला अजून दिसत नाही.
मी बोट दाखवते.
"कुठे?" म्हणतो. "जरा सरक."