ओलावा वजा

आमोणेच्या धक्क्यावर, प्रयोगशाळेत,
अकरा वर्षं मी पाणी मोजलं.
म्हणजे खनिजातलं.
एक किलो नमुना, पत्र्याचा ट्रे,
एकशे पाच अंशांवर रात्रभर भट्टीत,
सकाळी पुन्हा काटा: नऊशे बारा ग्रॅम.
तक्त्यात लिहायचं: ओलावा, आठ पूर्णांक आठ.

“गिऱ्हाईक लोखंडाचे पैसे देतं, पाण्याचे नाही,”
रेडकरसाहेब पहिल्याच दिवशी म्हणाले.
बरोबरच होतं.
पोट पाण्याला टेकलेल्या बार्जी
मुरगावकडे उतरायच्या,
आणि प्रत्येकीत शंभरेक टन पाणी
फुकट परदेशी निघालेलं.
आमच्या वाड्यावरची विहीर तेव्हा
मार्चातच खडखडायची.
तक्त्यात तिला रकाना नव्हता.

बोटीबरोबर एक तपासनीस यायचा,
अबोल, बुटांना प्लास्टिक बांधलेला.
जाताना त्यानं मला एक नेलकटर दिलं.
अजून आहे. अजून कराकर कापतं.
एकदा हिशेब केला होता,
एवढ्याशा नेलकटरसाठी
आपल्याला किती पाट्या डोंगर द्यावा लागेल,
मग कागद उलटा करून
त्यावर वाण्याची यादी लिहिली.

खाण बंद पडली.
ट्रक रस्त्याकडेला चाकांपर्यंत रानात रुतले.
उगो चारी तेवढा खूश.
त्यांचे पाटे भंगारात घेऊन तो कोयते करतो,
माडाचे, काजूचे, मासळीचे वेगळे.
भाता त्याची सून मारते, पोर कानस घासतो,
आणि कोळशाच्या धुरात
संबंध कारखाना खोकत उभा असतो.

“म्हेस्ता, हे लोखंड आपल्या डोंगराचं?”
“कोण जाणे, बाय. गेलं तेव्हा माती होतं.
आलं ते ट्रक होऊन, हप्त्यावर.
आता धार लावली की माझं.”

त्यानं कोयता पाण्यात बुडवला.
चर्र आवाज, वाफ,
आणि मी सवयीनं मनात म्हटलं,
एवढं पाणी उडालं.

साडेचारशे सांगितले त्यानं.
अंगठ्यानं धार बघितली, हातात तोलून बघितला,
तोंड वाकडं केलं,
आणि चारशे दिले.
घरी येईपर्यंत लक्षात आलं नाही
की त्याच्या कपाळावरून ओघळत होतं ते
मी वजा करून आले.