दर कट्ट्याला

साखर दोनशे ऐंशी.
मी नेहमीचंच बोललो: रोज अर्धा तास चाला.
नरसव्वा म्याकल हसली.
"अर्धा तास म्हंजे दोन कट्टे, डाक्टर. ते कोण वळणार?"

स्टुलावरही मांडी घालूनच बसलेली,
सूप नसताना सुपासाठी.
बोटांना तंबाखूचा वास.

मग मी उपदेश मिटला, हिशेब विचारला.
हजार विड्या. चाळीस कट्टे.
चिठ्ठीवर गोळीच्या खाली लिहिलं:
कट्टा बांधला की उठायचं,
माठापर्यंत जायचं, घोटभर पाणी,
परत.
चहातली साखर तिनंच सोडली.
शेंगाचटणीवर मात्र बोलू दिलं नाही.

तीन महिन्यांनी एकशे नव्वद.
फार नाही.
पण गल्लीतल्या सहा जणी आता
कट्ट्यागणिक उठतात म्हणाली,
माठ दुपारीच कोरडा पडतो.

जाताना दारात थांबली,
माझ्या खुर्चीकडे बघत, मग पोटाकडे:
"तुमी कवा उठताव?"

अशोक चौक, रात्रीचे नऊ,
बाहेर अजून अकरा जण.
दर पाचव्या पेशंटनंतर
पुढच्याला हाक मारायला
मीच जातो आता बाकापर्यंत.
सात पावलं.
येताना आठ होतात, का कोण जाणे.