काळं म्हणजे बरं

बांबोळीच्या तळमजल्यावर, एसीच्या गारठ्यात
अंगठी, साखळी, गळ्यातला खुरीस
इनासनं स्टीलच्या ताटलीत काढून ठेवला.
नखांतला गाळ तेवढा काढता येईना.
चिखलीच्या खाडीचा, पन्नासेक वर्षांचा.

फॉर्मवर विचारलं, धंदा?
"बुडी मारतां," म्हणाला. "खुबे, तिसऱ्यो.
आदीं खिडक्यांक लायतात ते शिंपलेय."
मी लिहिलं, मासेमारी.
रकान्यात तेवढंच मावलं.

कार्निव्हलच्या आठवड्यात पाण्यातच त्याच्या छातीत आलं.
आता मे. एकोवर दिसतं की
पुढची भिंत हलत नाही.
ती मेली आहे का नुसती गप्प आहे,
एवढंच शोधायला त्याला माझ्याकडे पाठवलंय.
मेली असेल तर बायपास म्हणजे
रिकाम्या घराला नळजोडणी.
गप्प असेल तर रक्त पोचल्यावर उठेल.
कदाचित.

डॉक्टर तिला झोपलेली म्हणतात.
मला तो शब्द पटत नाही, झोपलेला माणूस घोरतो तरी.
डिचोलीची खाण बंद पडली, बाबांचा ट्रक अंगणात उभा राहिला,
तेव्हा आई दोन वर्षं अशी होती:
मिक्सर लावायची नाही, संध्याकाळी एकच बल्ब,
बोलणंसुद्धा मोजून.
शेजारणीला वाटलं, हिचं काहीतरी कायमचं गेलं.

औषध शिरेतून सोडलं. दहा मिनिटं थांबायचं.
जिवंत स्नायू त्याला धुऊन लावतो,
मेलेल्या जागी ते रेंगाळतं
आणि पडद्यावर पांढरं उमटतं.
आमच्या खोलीत उजेडाचा अर्थ उलटा आहे.

माइकवर मी सांगते,
"स्वास घे. सोड. आतां धर."
"सोडून धरूं?" बोगद्यातून त्याचा आवाज.
बुडणारा भरून धरतो; रिकाम्या छातीनं थांबायचं
त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

यंत्र ठकठकलं, बारा सेकंद.
"घे," मी म्हटलं.
पोटावरच्या पट्ट्याची रेषा सपाट.
वीस. पंचवीस.
"इनास, घे!"
माझा हात लाल बटणावर होता
तेव्हा रेषा उचलली, सावकाश,
भरती चढते तशी.
नंतर म्हणाला, "वयर येवपाची घाय नासली."

मग चित्र आलं.
एक कडं, आतल्या काठानं पांढरी कोर,
जुन्या खिडकीतल्या शिंपल्याच्या धारेइतकी पातळ.
बाकी सगळं काळं.
दाट, ओलं, ओहोटीनंतरच्या खाडीसारखं काळं.
मी सतरा कप्पे एकेक करून पाहिले,
परत पाहिले.

काचेपलीकडे पिदाद, त्याची बायको,
हातात टोकन, प्लॅस्टिकच्या पिशवीत त्याचे कपडे.
"सगळें काळें जालां मगो?"
निकाल आम्ही सांगायचा नसतो.
अकरा वर्षं मी तो नियम पाळला,
चांगल्या बातमीलाही, आणि
स्वतःच्या मामाच्या वेळीसुद्धा.
"पिदादमाय," मी म्हटलं, "हांगा काळें म्हणल्यार बरें."
तिचा विश्वास बसला नाही.
तिनं कपाळाला, छातीला, खांद्यांना बोटं लावली
आणि पिशवी घट्ट धरली.

इनास उठून बसला. अंगठी सुजलेल्या बोटात जाईना,
खिशात टाकली.
मग रिकाम्या ताटलीवर नखानं टकटक करत म्हणाला,
"तिसरी उगडी दिसली म्हूण मेल्ली न्हय.
नखान मारून पळोवची.
जिती आसल्यार मिटता.
मेल्ली तशीच उरता, तोंड उगडून."

मी माणसांची हृदयं बघते,
पण असं कुणी मला कधी समजावलं नव्हतं.

"तुमीं तासभर मारलें न्हू भितर," तो म्हणाला,
"ठकठक, ठकठक.
मिटलें?"

"मिटलं," मी म्हटलं.
"रिपोर्ट गुरुवारी मिळेल."