एकोणीस सेकंद

बटण दाबलं की आधी दारात कुणीतरी कण्हतं,
मग काच निघते.
जानेवारीत, ग्वाल्हेरच्या धुक्यात तर
हरकती घेत घेतच वर येते.
मी मोजलंय: एकोणीस सेकंद,
मधे दोनदा थबकून.
डावीकडची, पुढची. दादाच्या बाजूची.

सगळे म्हणाले, मोटर गेली, बदलून टाक.
वीस वर्षांच्या एस्टीमचं आणखी काय जाणार!

छावणीत हरप्रसाद कुशवाह.
त्याने दाराचं अस्तर उचकटलं.
आतून निघालं पेनाचं टोपण, वाळकी बडीशेप,
कुठल्या तरी दिवाळीतलं पेट्रोलचं बिल.
मोटरच्या दोन वायरी त्याने थेट बॅटरीला लावल्या
आणि ती अशी गरगरली
की तिच्यावर कुणी कधी संशयच घेतला नव्हता.
"मोटर तो बेकसूर है, बाबूजी."

मग मीटर.
बॅटरीपाशी साडेबारा,
मोटरपाशी पोचेपर्यंत नऊ.
साडेतीन व्होल्ट वाटेतच सांडत होते.
दार आणि खांब यांच्यामधल्या रबरी नळीत,
जिथे वायर दर उघडझापीला वाकते,
तिथे तांबं हिरवं पडलं होतं.
स्विचच्या पोटात काजळी.
आणि खाचांमधलं मखमली रबर वाळून इतकं ताठ
की काच बोटभर सरकायलाही
त्याची परवानगी मागत होती.

त्याने खाचा पुसल्या, सिलिकॉन फवारलं.
"ग्रीस मत डलवाना कभी, धूल पकड़ता है."
हिरवं तेवढं कापलं, नव्या जोडाला डाग दिला.
चहा आला, गार झाला.
साडेसातशे रुपये.
काच सहा सेकंदांत.

दादा दर मंगळवारी माझ्याबरोबर असतो.
कंपूच्या दवाखान्यातून ठाटीपुरापर्यंत
अवाक्षर नाही.
सिग्नलला मी काही विचारलं तर
तो समोरच्या टेम्पोचा नंबर वाचतो.
मग उतरतो, दार लावतो, वाकतो,
बाहेरून दोन्ही तळवे काचेला लावून
तिला वर ओढू लागतो,
आणि तेव्हा, उरलेल्या फटीतून,
"क्रिएटिनिन वाढलंय म्हणे."
किंवा, "तुझ्या वहिनीला सांगू नकोस."
एकदा, अगदी बोटभर फट उरली असताना,
"त्या जागेच्या कागदांवर
मी तुझ्या नावची सही करायला नको होती."

काच लागली. मी मान हलवली.
उत्तर द्यायला फट कधी उरायचीच नाही,
आणि खरं सांगायचं तर
मलाही ते बरं पडायचं.

या मंगळवारी बटण दाबलं.
दादाचे तळवे टेकायच्या आत काच वर.
हात तसेच हवेत.
पलीकडे ओठ हलले,
काचेवर वाफेचा एक गोल उमटला
आणि कडेकडून विरत गेला.

मी घाईने बटण उलटं दाबलं.
काच खाली गेली. पूर्ण.
थंडी आत आली, त्याच्या मफलरचा कापराचा वास आला.
त्याने माझ्याकडे पाहिलं, मग फाटकाकडे.

"काही नाही," म्हणाला,
"छान चालतेय आता."

मी इंजिन बंद केलं.